दोन नंबरचं डिझेल

१

लोक लोणच्याची बरणी जपतात तसं पद्मिनीताई डिझेल जपायच्या. ओला डाव घालायचा नाही, झाकण उघडं टाकायचं नाही, आणि वरचं छान दिसतंय म्हणून तळ न बघता खूश व्हायचं नाही. भनपुरीच्या ट्रकांच्या गर्दीतून आत वळलं की एका गल्लीच्या टोकाला त्यांचा डेपो होता. तीन उंच टाक्या, त्यांच्याभोवती कमरेएवढी भिंत आणि बाजूला तपासणीची एक खोली. रायपूरमधली काही रुग्णालयं आपला आणीबाणीचा साठा इथे ठेवत. वीज गेली आणि आलीच नाही, तर जनरेटर चालायचे ते याच तेलावर.

एरवी ते महिनोन्‌महिने नुसतं उभं असायचं. लोकांना वाटतं, तेल ते तेल, त्याला काय धाड भरते? पण उभं राहिलेलं डिझेल बिघडतं. टाकीच्या पत्र्याला आतून घाम सुटतो, ते पाणी तळाशी जातं, पाणी आणि तेल यांच्या सांध्यावर बारीक जीव वाढतात आणि शेवाळासारखा बुळबुळीत थर धरतो. ऐन वेळी तो थर फिल्टरमध्ये जाऊन बसला की इंजिन आचके देतं आणि बंद पडतं. त्या वेळी वरच्या मजल्यावर कोणाचं तरी बाळ काचेच्या पेटीत असतं. पद्मिनीताईंनी हे भाषण कधी कोणाला दिलं नाही, पण त्यांच्या प्रत्येक हालचालीत ते बाळ असायचं.

देवश्री त्यांच्या हाताखाली केमिस्ट होती. माहेर वर्ध्याचं, नवरा रेल्वेत, म्हणून रायपूरला आलेली. सुरुवातीला तिला मैत्रिणींना सांगायला लाज वाटे की मी डिझेल तपासते. मग एक दिवस तिने ताईंना काम करताना नीट पाहिलं. टाकीच्या तळातून काढलेलं तेल त्यांनी काचेच्या बरणीत घेतलं, खिडकीशी धरलं आणि बरणीमागे वर्तमानपत्राचा तुकडा लावून तेलातून बातमी वाचायला सुरुवात केली. अगदी चवीने, शेवटच्या ओळीपर्यंत. अक्षरं स्वच्छ दिसली तरच पुढचं काम.

"डोळ्याले दिसलं ते मीटरले विचारायचं," त्या म्हणाल्या, "आणि मीटरनं सांगतलं ते डोळ्याले. दोघं भांडले तर दोघांवरबी भरोसा नाही ठेवायचा."

त्या दिवसापासून देवश्री त्यांच्यावर जीव टाकायला लागली. ताई पुरानी बस्तीतल्या, चार पिढ्यांपासून रायपूरच्या मराठी घरातल्या. इंजिनिअरिंगच्या वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या आणि अजूनही तिखट होत्या. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत, पण चूक कबूल करणाऱ्याला कधी चारचौघांत बोलायच्या नाहीत. देवश्रीला मनापासून वाटायचं की माणसाने काम करावं तर असं करावं.

२

उन्हाळ्याच्या तोंडाशी दोन नंबरची टाकी धुवायला घेतली. टाकी रिकामी केली, मोठा पंखा लावून वाफ काढली, कंत्राटदाराची माणसं बुडाजवळच्या गोल दारातून आत शिरली आणि भिंती घासून, तळ पुसून बाहेर आली. त्या दिवशी ताईंना एका रुग्णालयात जावं लागलं. जाताना त्या म्हणाल्या, "झाकण तू लावून घे. आता तुलेच करायचं आहे हे सगळं." देवश्रीला ते पदक मिळाल्यासारखं वाटलं.

झाकण लावण्याआधी आत तोंड घालून हाक मारायची, हा ताईंचा नियम. देवश्री वाकली. आत अंधार होता, धुतलेल्या लोखंडाचा थंड वास होता. मागे पंपावरचा यशदीप उभा होता, निदान तिला तसं वाटलं. तिने आवाज दिला, "आत कोणी नाही ना?"

"हव," असं उत्तर आलं.

साधं, समजूतदार, कामातल्या माणसाचं उत्तर. आपल्या इकडे दिवसातून शंभरदा ऐकू येतं तसं. यशदीप तर मराठी समजत असूनही हिंदीत बोलणारा गडी, पण होकार द्यायचा झाला की त्याच्या तोंडून छत्तीसगढी 'हव'च निघायचा. देवश्रीने झाकण लोटलं, नट आवळले आणि तेल भरायला सांगावं म्हणून वळली. मागे कोणीच नव्हतं.

यशदीप तिला फाटकावर सापडला. टँकरच्या ड्रायव्हरबरोबर तो सील बघत उभा होता.

"अरे, तू आत्ता तिकडे होतास ना?"

"मैं? मैं तो कब से इधरइच हूँ, दीदी. इनसे पूछ लो."

ड्रायव्हरने मान डोलावली. देवश्री जवळजवळ धावतच कडुनिंबाखाली गेली. कंत्राटदाराची माणसं तिथे चहा पीत बसली होती, एकूण एक. तिने प्रत्येकाचं नाव विचारलं. एकाने हसून, मॅडम हजेरी घेताहेत का, असंही विचारलं. कोणीही कमी नव्हतं. मग ती टाकीपाशी परत आली, पत्र्यावर थाप मारली, कान लावला. काही नाही. टँकर खोळंबला होता. सगळी माणसं डोळ्यांसमोर आहेत तर आत कोण असणार, असं तिने स्वतःला बजावलं आणि भरायला सांगितलं. हाक घुमली असेल. पण तिने 'ना' म्हटलं होतं, आणि घुमून परत येतो तो आपलाच शब्द, दुसरा नाही, हे तिला तेल अर्धं भरेपर्यंत सुचलं नाही.

३

संध्याकाळी तिने ताईंना सगळं सांगितलं. ताई हसतील, अशी तिला आशा होती. त्या हसल्या नाहीत.

"'नाही ना' असं काहून विचारलं तू?"

"सहज निघालं तोंडातून."

"'कोण आहे?' असं विचारायचं. तुमच्या वर्ध्याकडे काय म्हणतात मले माहीत नाही, पण इथं 'कोणी नाही ना?' म्हटलं की 'हव' म्हणजे काय? हव, कोणी नाही. का हव, आहे?" त्यांनी चष्मा काढला. "पण ते जाऊ दे. दोन्हीतलं काहीही असो, सांगतलं कोणी?"

त्यांनी कंत्राटदाराला फोन लावला. मग प्रत्येक माणसाच्या घरी लावायला सांगितला. सगळे सुखरूप होते, कोणी जेवून राहिला होता, कोणी मुलाला झोपवून राहिला होता. आजूबाजूच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीतही, चौकशी झाली, कोणी हरवलेलं नव्हतं.

"म्हणजे आतून कोणीतरी सांगतलं, की आत कोणी नाही," ताई म्हणाल्या. देवश्रीला वाटलं होतं, त्या काहीतरी कारण काढून देतील. त्यांच्याकडे कारण नव्हतं, आणि नसलेलं कारण बनवून सांगणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

४

पुढे उन्हाळा तापला, मग पावसाळा आला आणि गेला. डेपोचं काम चालू राहिलं. एक आणि तीन नंबरचं तेल वयाप्रमाणे हळूहळू काळवंडत गेलं. पावसाळ्यात दोन्हींच्या तळाला थोडं पाणी आलं, तपासणीच्या दांड्याला लावलेली, पाणी लागलं की रंग बदलणारी पेस्ट लाल झाली, ताईंनी पाणी काढून टाकलं, तेल गाळून फिरवलं, औषध घातलं. दोन नंबरला यातलं काहीच करावं लागलं नाही. पेस्ट लाल होईना. गाळणीचा कागद पांढरा तो पांढराच. बरणीतलं तेल भरलं त्या दिवशी दिसत होतं तसंच फिकट, लखलखीत, आणि त्यातून बातमी अशी वाचता यायची की जणू मध्ये काही नाहीच.

यशदीप खूश. "दो नंबर का माल एक नंबर है, दीदी," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा आणि आपल्याच विनोदावर हसायचा.

ताई हसायच्या नाहीत. त्या बरणी खिडकीशी धरून बराच वेळ उभ्या राहायच्या. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक असायचं, कारण चांगलं काम समोर आलं की ते नाकारणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. आणि त्या कौतुकाच्या आड काहीतरी दुसरं असायचं.

"घाण नाहीशी होत नसते, देवश्री," एकदा त्या म्हणाल्या. "घाण जागा बदलते. एक आणि तीनची मी काढते. दोनची कोण काढून राहिलं?"

मग तो आवाज. देवश्रीने तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती दुपारी टाकीच्या शिडीवर होती, नमुना काढायला वर निघालेली. तापलेला पत्रा टणटण वाजतो, ते तिला माहीत होतं. हे टणटण नव्हतं. आतल्या बाजूने, तिच्या हातापलीकडे, कोणीतरी ओल्या फडक्याने भिंत पुसत होतं. वरून खाली एक लांब हात, मग थोडं थांबणं, जणू फडकं पिळून घेतलं, मग शेजारी पुन्हा वरून खाली. तिने कान लावला आणि आवाज थांबला. कान काढला, तसा चालू झाला.

तेल हलत असेल. पत्रा आकसत असेल. पंपाचं कंपन पाइपातून येत असेल. देवश्री शास्त्र शिकलेली बाई होती, तिच्याकडे कारणांची कमतरता नव्हती. पण पंप त्या दिवशी बंद होता.

पंडरीच्या बाजारात ती साडी घ्यायला गेली तेव्हा दुकानदाराने कापडावरून तळवा फिरवला, आणि त्या सरसर आवाजाने ती जागच्या जागी थिजली. नवऱ्याने विचारलं, काय झालं? सांगणार काय? भुताखेतांना ती भीत नव्हती. तिला एकच भीती होती आणि ती फार साधी होती. आपण जिवंत कोणाला तरी आत कोंडलं. आपल्या हाताने नट आवळले आणि वरून तेल सोडलं. सगळी माणसं मोजली, सगळी सापडली, तरीही. कोणीतरी ती टाकी उघडावी आणि म्हणावं, बाई गं, तू कोणालाही कोंडलेलं नाहीस. एवढंच तिला हवं होतं.

हे ती ताईंना म्हणाली तेव्हा रडली. ताईंनी तिला रडू दिलं.

"वाईट निकाल आला की आपण दहादा तपासतो," मग त्या म्हणाल्या. "चांगला आला की पेढे वाटतो. हे बरोबर नाही. चांगलाबी तपासला पाहिजे. उघडू टाकी."

५

दोन नंबरचं तेल उपसून टँकरांमध्ये घ्यायचं, टाकी पाहायची आणि संध्याकाळच्या आत परत भरायची, असं ठरलं. टँकर दुसऱ्यांचे होते, ते अडकवून ठेवता येणार नव्हते. सकाळीच पंप सुरू झाला.

तेल उतरू लागलं तसा आवाज बदलत गेला. आधी तो तेलाच्या आतून, दबलेला येत होता. पातळी खाली गेली तसा तो मोकळा झाला, अगदी घरात फरशी पुसताना येतो तसा. यशदीपनेही ऐकला. त्याने ताईंकडे पाहिलं, देवश्रीकडे पाहिलं आणि न विचारता पंपाकडे जाऊन उभा राहिला. दिवसभर तो तिथून हलला नाही.

टाकी रिकामी झाली. पंखा लावला, वाफ काढली, आत मीटर सोडून हवा तपासली. ताईंनी एकही पायरी गाळली नाही, आणि देवश्रीला त्या भीतीतही त्यांच्याबद्दल अभिमान वाटला. नट सोडले. झाकण बाजूला लोटलं. आवाज थांबला.

"आत कोण आहे?" ताईंनी विचारलं, जसं विचारायला हवं तसं.

उत्तर आलं नाही. त्यांनी दिवा आत धरला. समोरची भिंत दिसली, छत दिसलं, तळ दिसला. टाकीला खांब नाही, आडोसा नाही, लपायला काही नाही. आणि ती स्वच्छ होती. धुतली त्या दिवशीही इतकी स्वच्छ नव्हती. भिंतीवर वरून खाली पुसल्याच्या पट्ट्या होत्या, एकीला लागून एक, कुठेही मध्ये जागा सुटलेली नाही. पलीकडच्या कडेला काळा, ओला गाळ ढिगाने लावून ठेवला होता, केर काढणारी बाई सुपलीत भरण्याआधी कडा सारखी करून ठेवते तसा. एवढं तेल त्या ढिगावर उभं राहिलं, उपसलं गेलं, आणि ढीग मोडला नव्हता.

"बघा," देवश्री कुजबुजली. तिला भीती वाटत होती, आणि ते काम इतकं सुंदर होतं की नजर हटत नव्हती.

दारातून टाकीची एकच जागा दिसत नाही. दाराला लागून डावी-उजवीकडची भिंत. ती बघायची तर डोकं आत घालावं लागतं. ताईंनी दिवा घेतला आणि खांद्यापर्यंत आत वाकल्या. डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं.

उजवीकडे त्या पाहतच राहिल्या. बाहेरून देवश्रीला फक्त त्यांची पाठ दिसत होती. एकदा त्या हळू आवाजात काहीतरी बोलल्या. मग थांबल्या, ऐकणारा माणूस थांबतो तशा. मग बाहेर आल्या. चेहऱ्यावरचा रंग उतरला होता, पण डोळे शांत होते.

"आहे का कोणी?"

"काम चांगलं आहे," ताई म्हणाल्या.

"ताई, कोणी आहे का?"

ताईंनी दिवा खाली ठेवला, पदराने हात पुसले. "मी विचारलं, बाहेर यायचं का म्हणून. नाही म्हणते."

आमच्या इकडच्या मराठीत तोही म्हणते आणि तीही म्हणते, म्हणून तेवढ्यावरून देवश्रीला काही कळलं नाही. विचारायचं धाडसही झालं नाही.

६

ऊन उतरू लागलं होतं. फाटकावर टँकरवाला दोनदा भोंगा वाजवून गेला. त्या आठवड्यात वादळाने तारा पडून वीज सारखी जात होती, आणि रुग्णालयांतून साठ्याची विचारणा येत होती. एक आणि तीन नंबर काठोकाठ भरलेले होते, उपसलेलं तेल ठेवायला दुसरी जागा नव्हती.

"आपण झाकण कसं लावायचं?" देवश्री म्हणाली. "ताई, मागच्या वेळी मला माहीत नव्हतं."

"मग काय करू? ओढून काढू? कोणाले पाठवू आत?" ताई रागावल्या नव्हत्या. त्या पहिल्यांदाच तिला खरोखर विचारत होत्या. "मले तर सुचत नाही. झाकण लावणाऱ्यानं सांगायचं असते, लावायचं का नाही. मागच्या वेळी तू लावलं. तूच सांग."

देवश्रीला त्या पट्ट्या आठवत होत्या, एकीला लागून एक. तिला वरच्या मजल्यावरची काचेची पेटी आठवत होती, जी तिने कधी पाहिलेली नव्हती. आणि तिला घरी जायचं होतं, झाकण उघडं टाकून, पळत. मग तिने रबराचं नवं पॅकिंग उचललं आणि दाराच्या कडेवर बसवायला घेतलं.

ताईंनी दाराशेजारच्या फिरत्या लोखंडी दांड्याला टांगलेलं झाकण हळूहळू पुढे आणलं. हे काम दोघींचं नाही, तिघांचं असतं. एकाने झाकण धरायचं, एकाने नट घालायचे, आणि एकाने पॅकिंग सांभाळायचं, कारण ते खालून हमखास निसटतं. आताही निसटलं. देवश्री खाली वाकली, एका हातात नट आणि दुसऱ्याने रबर सावरत. हात पुरेना. झाकण आणि दार यांच्यामध्ये चार बोटांची फट उरली होती, आणि खालची कड लोंबत होती.

ती कड वर उचलली गेली. नीट गोलाईवर बसली आणि तिथेच राहिली.

देवश्रीने पाहिलं. फटीतून बोटं आली होती आणि त्यांनी रबर जागेवर धरलं होतं. घाबरट नाहीत, घाईची नाहीत. खूप भांडी घासल्यावर होतात तशी पाण्याने सुरकुतलेली, आणि अतिशय स्वच्छ. या धंद्यात कोणाची नखं स्वच्छ नसतात, तिचीही नव्हती. ही होती. ती बोटं तिच्यासाठी थांबली होती, काम जाणणारा सोबती थांबतो तशी, तिने पहिला नट घालावा म्हणून.

तिने नट घातला. मग दुसरा, समोरच्या बाजूचा. तिचे डोळे वाहत होते, पण हात नेमके पडत होते. झाकण आणखी पुढे आलं. आता आवळलं तर बोटं चेंगरणार होती.

"बोटं काढा," ती म्हणाली. 'काढ' म्हणणं तिला जमलंच नाही.

बोटांनी रबरावरून एकदा शेवटचा हात फिरवला, ते बसलंय ना, ते पाहिलं, आणि एकेक करून आत गेली. पद्मिनीताई खांद्याने झाकण रेटून उभ्या होत्या. त्यांनी पाना पुढे केला. देवश्रीने तो घेतला आणि आवळायला सुरुवात केली.